धुळीविना

इतवारीत, भांड्यांच्या दुकानांवर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक.
खाली दिवसभर पितळ वाजतं.
मंगळवारी श्रावणजी हेडाऊ येतात,
कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी.
मी गुडघ्याला पट्टे लावते, यंत्राचा काटा पंधरावर फिरवते,
आणि तेवढा वेळ वाचून दाखवते:
त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू,
माझ्या हातात ग्रीक पहिलवानांचं पुस्तक.

पहिल्या दिवशी फक्त चित्र दाखवलं होतं.
काशाचा मुष्टियोद्धा, दमून बसलेला,
मुठींना चामड्याच्या वाद्या, नाक मोडकं,
कान सुजून आक्रोडासारखे गोळा झालेले.
श्रावणजींनी भिंग धरलं, मग आपला डावा कान चाचपला.
"हा तं आपल्यातलाच दिसते वं पोरी.
कोणत्या आखाड्याचा?"
म्हटलं, दोन हजार वर्षं झाली त्याला.
"मंग काय झालं? कान तोच हाय."

तेव्हापासून त्यांना सगळं पाहिजे,
तेल कोणतं, माती कशी, खुराक काय.
मी वाचते: ऑलिव्हचं तेल, वरून बारीक धूळ,
कुस्ती संपली की वाकड्या पट्टीनं अंग खरवडायचं,
आणि ती तेला-घामा-धुळीची लदी
लोक विकत नेत, दुखऱ्या सांध्यांसाठी.
ते हसतात, खोकला येईपर्यंत.
त्यांच्या पाचपावलीच्या तालमीतही बाया येत म्हणे,
मुरगळलेली पोरं काखेत घेऊन,
चिमूटभर माती न्यायला.
"ताक, हयद, तेल, अन् आमचा घाम.
तुह्या मशीनपेक्षा बरी होती."
यंत्र घूं करत राहतं.

एक पान मी माझ्यासाठी वाचते.
लग्न झालेल्या बायांना तिथे मज्जाव होता.
एक आई उस्तादाचा वेष करून आत शिरली,
पोरगा जिंकला तशी कुंपणावरून उडी टाकली
आणि कपड्यानं दगा दिला.
पुढे नियमच झाला, उस्तादांनीही उघडंच यायचं.
श्रावणजी छताकडे बघतात.
"पोट्टा जिंकला ना?"
जिंकला.
"मंग होऊ दे नियम."

आणि एका मंगळवारी तो शब्द आला.
समोरचा आलाच नाही,
किंवा अंगापिंडाकडे बघूनच मागे फिरला,
तर न लढताच मुकुट मिळायचा.
त्याला ते म्हणत, धुळीविना जिंकला.
दगडावर कोरून घेत, मोठ्या अभिमानानं.

श्रावणजी बोलले नाहीत.
काटा सातवर आला. तिनावर.
खाली कुणीतरी गंज ठोकून पाहत होतं,
फुटका की सांधलेला.

"माह्यावालं कडं तसंच हाय.
नागपंचमी होती. कामठीचा झिबल उके येणार होता.
चार वाजले. पाच वाजले.
मी उभा, मुठीत सलामीची माती धरून.
त्याले मिलात डबल पायी लावली होती.
पंचानं माह्याच हात वर केला.
चांदीचं कडं, पोरी, अन् अंगाले कण नाई.
घरी जाऊन आंघोय नाई केली. कायची करू?"

टिंग झालं. मी पट्टे सोडले नाहीत.

"दिवाळी झाल्यावर सायकल काढली, गेलो कामठीले.
झिबल कन्हानच्या काठाले म्हशी धुवून राह्यला होता.
म्हटलं, ये.
ना पंच, ना हलगी. दोन म्हशी पाहून राह्यल्या होत्या."

कोण जिंकलं?

ते पाय खाली सोडतात,
अंगठ्यानं चप्पल चाचपडतात.
"धूय लय होती," म्हणतात.

पैसे देताना नेहमीसारखी घासाघीस.
पुढच्या मंगळवारी रथांच्या शर्यती आहेत, मी सांगते,
तिथे मुकुट घोड्यांच्या मालकाला मिळे.
"ते नको वाचू," दारातून आवाज येतो,
"तसले लय पाह्यले."
मग कठडा, मग पायरी, मग पितळ.